अळणी पावाची थंडी

थंडी आल्याचं मला वर्तमानपत्रातून कळत नाही, विरजणातून कळतं. रात्री लावलेलं दही सकाळी दूधच राहिलं की समजायचं, नाशिकला थंडी लागली. परवा तसं झालं. मंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, पातेलं कलतं करून माझ्या नाकासमोर धरलं आणि म्हणाली, "घ्या. तुमचा सीझन सुरू झाला."

माझा सीझन म्हणजे पावाचा. दह्याला जी थंडी सोसत नाही, ती माझ्या पावाला मानवते. आमच्या नाशिक रोडच्या फ्लॅटला पूर्वेकडे एक चिंचोळी गॅलरी आहे. तिच्यात वॉशिंग मशीन, एक तुळस, न चालवली जाणारी एक सायकल आणि वाळत घातलेले टॉवेल एवढा संसार कसाबसा मावतो. शनिवारी संध्याकाळी मी तिथे मळलेल्या मैद्याचे दोन डबे नेऊन ठेवतो. एका डब्याला लाल झाकण आहे. त्यातलं पीठ मीठ घातलेलं, आमच्यासाठी. दुसऱ्या डब्यावर स्टीलची ताटली आणि ताटलीवर खलातला बत्ता. त्यातलं पीठ अळणी, अक्कासाठी. बत्ता कशाला, असं मंदा दर थंडीत विचारते. आता त्याची गरज नसते हे मलाही ठाऊक आहे. पण त्या अळणी पिठाने एकेकाळी मला असा काही हिसका दाखवलाय, की त्याच्यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

गॅलरीत उभा राहिलो की पायाला फरशी झोंबते. खाली कोणीतरी स्कूटरला किक मारत असतं आणि ती काही सुरू होत नसते. लांबून गाडीची शिट्टी येते. थंडीत ती फार जवळून आल्यासारखी वाटते. मी ताटली किंचित उचलून आत नाक घालतो. ओल्या पिठाचा, किंचित आंबूस, ताकाच्या घागरीसारखा वास येतो. त्या वासाबरोबर ती थंडी सगळीच्या सगळी परत येते. दोन वर्षांपूर्वीची, अक्का आमच्याकडे राहायला होती तेव्हाची.

अक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी एवढा लहान होतो, की आई म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे अक्काचाच चेहरा येतो. वडिलांना सायखेड्याची शेती आवरत नव्हती, मी तर कुणालाच आवरत नव्हतो. तेव्हा अक्काने पदर खोचला तो खोचलाच. तिच्या लग्नाचं निघालं तेव्हा चांगली चांगली स्थळं आली होती, एक तर पार मनमाडचं. पण ती वडिलांना म्हणाली, "गावातच द्या. लांब गेले तर बाळूकडं कोण बघील?" दिली गावातच. चार गल्ल्या पलीकडे. मी सकाळचं दूध एका घरी पीत असे आणि दुपारची भाकरी दुसऱ्या.

तिच्या चुलीपाशी एक कायदा होता. मीठ कुणाच्या हातावर द्यायचं नाही. हातावर मीठ दिलं की त्या दोघांत भांडण होतं, असं आपल्याकडे मानतात. अक्का तर ते कोर्टाच्या निकालासारखं मानायची. मिठाची वाटी मागितली की ती खाली ठेवायची, हात मागे घ्यायची, आणि मग "घे" म्हणायची. लहानपणी एकदा मी मुद्दामच मूठभर मीठ तिच्या तळहातावर ओतलं, बघू तर काय होतं ते. तिने मला धपाटा घातला, मीठ पाण्यात सोडून दिलं आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, "बघ, झालं ना भांडण?" त्यानंतर आयुष्यात आम्ही एकमेकांना मीठ कधी हातावर दिलं नाही. भांडणं मात्र भरपूर झाली, पण ती मिठाच्या खात्यावर नाहीत.

त्या वर्षी दिवाळी सरली आणि अक्काचे पाय सुजायला लागले. दोन पायऱ्या चढली की धाप लागायची. तिच्या मुलाने, संजयने, तिला नाशिकला आणून डॉक्टरांना दाखवलं. हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या दिल्या, आणि मीठ जवळपास बंद. पापड नाही, लोणचं नाही, बेकरीचं काही नाही.

"मीठ बंद म्हंजी?" अक्काने विचारलं. "मंग खायचं काय?"

"मीठ सोडून सगळं खा, आजी."

"मीठ सोडलं तर राहतंय काय?"

डॉक्टर हसले. अक्का हसली नाही. तिने विनोद केलेला नव्हता.

थोड्या थोड्या दिवसांनी तपासायला आणावं लागणार होतं. तिकडे संजयच्या द्राक्षबागेचे दिवस ऐन भरातले, माणसाला मान वर करायला फुरसत नाही. म्हणून थंडीभर अक्काने आमच्याकडे राहायचं ठरलं. तिने ठरवलं नाही, आम्ही ठरवलं. ती एका पिशवीत तीन लुगडी, एक शाल आणि मिश्रीची पितळी डबी घेऊन आली.

दुसऱ्याच दिवशी मंदा ती डबी घेऊन माझ्याकडे आली. तिने बोटाने झाकण उघडलं. आत मिश्री नव्हती, मीठ होतं. खड्याचं, जाडं, गावाकडचं. लहान मुलाने उशाखाली गोळ्या लपवाव्यात तसं अक्काने मीठ लपवून आणलं होतं. आम्ही दोघं हसलो. मग मंदा स्टुलावर चढली आणि देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ती डबी ठेवून आली. अक्का दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेईल. पण ती एवढंच म्हणाली, "राहू दे तिथंच. खाता नाय आली तरी नजरेपुढं हाय."

मग जेवणाचे हाल सुरू झाले. मंदा सुगरण आहे. तिने लिंबू पिळून पाहिलं, आलं-लसूण वाढवून पाहिलं, आमसूल, जिरं, ओलं खोबरं, सगळं करून झालं. अक्का घास तोंडात घ्यायची, इकडून तिकडे फिरवायची आणि पाण्याबरोबर ढकलायची. दोन घास झाले की ताट सरकवायची. "नावडतीचं मीठ अळणी म्हणतात," मंदा एकदा वैतागून म्हणाली, "इथं मी आवडती असून उपयोग नाही." शेवटी एके दिवशी तिने सगळ्यांचाच स्वयंपाक अळणी केला, अक्काला एकटं वाटू नये म्हणून. अक्काला ते माझ्या तोंडावरून कळलं. वरणभाताचा पहिला घास घेतल्यावर माझं तोंड जे काही झालं, ते मला लपवता आलं नाही.

"मंदा," अक्का म्हणाली, "ह्याच्या ताटात मीठ वाढ. माझ्यापायी पोराचं अन्न नासवू नको." पोर साठीच्या पुढचं होतं, ते सोडा.

पण खरी भीती पुढेच होती. अक्का खात नव्हती. पायांची सूज उतरली आणि तिच्याबरोबर अक्काही उतरत चालली. बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या. "पोटात अन्न नाही गेलं तर माझ्या गोळ्या काही करू शकणार नाहीत," असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. आणि अक्का रोज सकाळी एकच वाक्य म्हणायला लागली. "बाळू, मला घरी नेऊन घाल. जे व्हायचं ते तिकडं होऊ दे. ठेच्याशी भाकर खाईन आन मोकळी होईन."

हे ती अगदी शांतपणे म्हणायची. तिच्या आवाजात राग असता तर मला भांडता आलं असतं. मी रेल्वेलाइनच्या कडेने फिरायला जायचो आणि जॅकेटच्या खिशात हात घालून नुसता उभा राहायचो. आईला मी ओळखत नव्हतो, त्यामुळे ती गेल्याचं दुःख मला कधी पुरतं झालं नाही. ते आता व्याजासकट समोर येणार, असं वाटायचं.

एका सकाळी मी तिला विचारलं, "अक्का, डॉक्टर खड्ड्यात गेला. तुला खरंच काय खावंसं वाटतं ते सांग."

मला वाटलं ठेचा म्हणेल, नाहीतर खारी मिरची. ती म्हणाली, "चहा-पाव."

आमच्या लहानपणी गावात पाव म्हणजे आजाऱ्याचं खाणं. सायकलवर पत्र्याची पेटी बांधून पाववाला यायचा आणि रबरी भोंगा वाजवायचा. तो ज्या घरासमोर थांबेल, त्या घरात कोणीतरी अंथरुणात आहे असं गावाने समजायचं. मला विषमज्वर झाला तेव्हा तो आमच्या घरासमोर रोज थांबायचा. अक्का दुधात पाव कुस्करून मला भरवायची, आणि वाटीच्या तळाशी राहिलेलं स्वतः बोटाने पुसून खायची. तिला पाव फार आवडायचा हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ती कधी आजारी पडलीच नाही, मग तिच्यासाठी पाव कोण आणणार?

आता मला पाव करता येत होता. निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात, मी कॉलनीतल्या एका बाईंच्या बेकिंगच्या क्लासला गेलो होतो. सगळ्या बायकांत मी एकटाच पुरुष, तोही टक्कल पडलेला. क्लासच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "यीस्ट आणि मीठ यांची सुरुवातीलाच गाठ घालू नका. कोरडं मीठ थेट यीस्टवर पडलं तर यीस्टचं पाणी शोषून घेतं, यीस्ट मरगळतं. दोघांना पिठात भेटू द्या." मंदाला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे नव्या सुनेचं आणि सासूचं." तेव्हापासून मीठ पिठाच्या एका कडेला आणि यीस्ट दुसऱ्या कडेला, मध्ये साखर मध्यस्थ, अशी माझी मांडणी ठरलेली. मीठ हे यीस्टला त्रास देणारं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. म्हणजे अक्काच्या पावात मीठच घालायचं नाही तर काम सोपंच होणार. मीठ नाही, भांडण नाही.

अक्काला मी ओट्यापाशी खुर्ची दिली. तिने शाल गुंडाळून घेतली आणि माझ्यावर देखरेख करायला बसली. मी नेहमीसारखंच पीठ मळलं, मीठ तेवढं वगळलं. तिथूनच गोळ्याचं लक्षण काही ठीक दिसेना. हाताला चिकटायला लागला. उचलला तर लोंबायचा. नेहमी मळता मळता एक क्षण येतो, पीठ एकदम भानावर येतं, हातात घट्ट गोळा होऊन बसतं. तो क्षण आलाच नाही. मी कसंबसं पातेल्यात भरलं, उबेला म्हणून गॅसशेजारी ठेवलं, झाकण घातलं आणि पेपर वाचायला बाहेर आलो.

"बाळू," थोड्याच वेळात अक्काची हाक आली. "तुझं पीठ पळायला लागलं."

जाऊन पाहतो तर झाकण एका बाजूने उचललेलं, आणि पीठ पातेल्याच्या काठावरून ओट्यावर उतरत होतं. वर फुगे, फुग्यांवर फुगे. मी घाईघाईने उंडे वळून ट्रेमध्ये ठेवले. तेही ताड्‌ताड् फुगले आणि ओव्हनमध्ये जायच्या आत खाली बसले, खोटं सांगणाऱ्या पोराचा चेहरा बसतो तसे. भाजून निघाले ते चपटे आणि पांढरेफटक. वर रंगच धरेना. चव म्हणाल तर ओल्या पुठ्ठ्याची.

अक्काने एक उचलला, उलटा केला, सुलटा केला. "हे काय हाय रे?" तिने विचारलं.

"पाव."

"ह्याला कुणी पाव म्हनलं तर पाव रागावंल." आणि ती हसली. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा हसली. पाव फसला त्याचं मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला तिच्या पडक्या दातांकडे बघतच राहावंसं वाटलं.

क्लासच्या बाईंना फोन केला. त्यांनी जे सांगितलं, त्याने माझी मिठाबद्दलची समजूत पार उलटी झाली. मीठ यीस्टचं वैरी नाही म्हणे, वेसण आहे. मीठ असलं की यीस्ट सावकाश खातं, सावकाश श्वास टाकतं. पिठातली साखर पुरवून वापरतं, म्हणून शेवटी वरच्या सालाला रंग यायला थोडी उरते. मीठ पिठाचे धागे आवळून धरतं, म्हणून आतली हवा आत राहते. मीठ काढलंत की यीस्टला रान मोकळं. भराभरा फुगतं, होतं नव्हतं ते खाऊन टाकतं आणि धापकन बसतं. मी हे अक्काला माझ्या भाषेत सांगितलं.

"म्हंजी त्याला धाक नाय," ती म्हणाली.

"तसंच."

"मंग बरोबर हाय. तुला मी धाकात ठेवला नसता तर तूबी आसाच पसरला आसता."

मी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि विषय बदलला. पण खरं होतं ते. माझ्या लहानपणी सगळं गाव माझे लाड करायचं, आईविना पोर म्हणून. अक्का एकटीच रागवायची. तिच्यावाचून माझा कसा लगदा झाला असता, ते मी त्या दिवशी ओट्यावर बघितलं.

यीस्ट निम्मं केलं. पीठ जरा कमी पळालं, पण पळालंच. पाणी कमी केलं, पाव दगड झाला. मध्ये एकदा मंदा म्हणाली, "चिमूटभर मीठ घाला ना, एवढ्याने काय होतंय?" माझाही हात डब्याकडे गेला. पण डॉक्टरांना आणि अक्काला, दोघांनाही फसवायचं म्हणजे जास्तच झालं असतं. अक्काला मात्र आता या प्रकारात गोडी लागली होती. सकाळी "मला घरी नेऊन घाल" म्हणायच्या आधी ती "आज करणार हाय का?" असं विचारायला लागली. खात अजूनही नव्हती. पण विचारत होती.

मग तो दिवस आला. गारठा एवढा वाढला होता की संजयचा सकाळी फोन आला तो बागेतूनच. अशी थंडी राहिली तर मणी तडकतात, म्हणून बागेत शेकोट्या करायच्या होत्या. अक्का दिवसभर त्याच काळजीत होती. मी पीठ मळून ठेवलं तेव्हा तिकडे तिचं लक्ष नव्हतं. मी दूध आणायला खाली गेलो आणि कोपऱ्यावर कोणीतरी भेटलं. परत आलो तेव्हा ओटा स्वच्छ, पातेलं गायब.

"अक्का, पीठ कुठाय?"

"ते इटलं होतं," ती म्हणाली. "मळून झालं नाय तर फसफसायला लागलं. मंदा बाहेर गेली व्हती. मी ठिवलं उचलून गॅलरीत. अन्न टाकायचं नाय. सकाळी गाईला घालू."

मी दूध ओट्यावर ठेवलं. थकलो होतो. आणि तिच्या चेहऱ्यावर संजयच्या बागेची काळजी होती, तीत माझ्या पिठाची भर कशाला? गाईला तर गाईला, म्हणून सोडून दिलं.

सकाळी गाय यायच्या वेळेला अक्काने मला पातेलं आणायला पाठवलं. गॅलरीत हात गारठत होते. झाकण काढलं आणि बघतच राहिलो. पीठ पळालं नव्हतं. पातेल्याच्या दोन तृतीयांश उंचीला येऊन गुळगुळीत, शांत बसलं होतं. बोट लावलं तर चिकटलं नाही, हळूच खळगा पडला आणि हळूच भरून आला. वास घेतला. कच्च्या यीस्टचा उग्र वास गेला होता, त्या जागी तो ताकाचा, आंबूस, भूक लावणारा वास होता. मीठ नव्हतं, पण रात्रभर थंडी होती. जी वेसण मिठाने घालायची, ती गारठ्याने घातली होती.

"गाय थांबलीय खाली," अक्का आतून म्हणाली.

"तिला पोळी दे," मी म्हणालो.

उंडे वळले तेव्हा ते जसे ठेवले तसे राहिले. ओव्हनच्या काचेतून आम्ही तिघं वाकून बघत होतो, मंदाच्या हातात अजून केरसुणी होती. उंडे चढले. चढून थांबले. मग वर बदामी रंग यायला लागला, आधी कडेला, मग माथ्यावर. आमच्या लहानशा स्वयंपाकघरात असा वास भरला की शेजारच्या वहिनी दार उघडून काय चाललंय म्हणून विचारून गेल्या.

मंदाने चहा केला. अक्काने पाव हातात घेतला, फोडला. आतून वाफ आली. तिने तुकडा चहात बुडवला, नेमका तेवढाच, की मोडून पडणार नाही, आणि तोंडात घातला. मी तिच्या जबड्याकडे बघत होतो. तो नेहमीसारखा इकडून तिकडे फिरला नाही. चावत होता. तिने गिळलं. पाण्याशिवाय गिळलं. मग दुसरा तुकडा. मग तिसरा. आमच्याकडे तिने पाहिलंच नाही, बशीकडेच बघत होती.

पाव संपल्यावर ती म्हणाली, "जरा आंबट हाय."

"हो. रात्रभर आंबतं ना."

"आंबट हाय म्हंजी चव हाय." आणि बशी पुढे करून म्हणाली, "आनखी हाय का?"

मी ओव्हनकडे वळलो आणि उगाचच ओव्हनचं बटण फिरवत राहिलो. ते बंदच होतं. मंदाने माझ्या खांद्यावरून हात घालून पाव घेतला आणि अक्काच्या बशीत ठेवला.

त्या थंडीतले पुढचे दिवस मला एखाद्या लांबलेल्या सुट्टीसारखे आठवतात. सकाळी गॅलरीत अर्धं ऊन यायचं, तेवढ्यात अक्काची खुर्ची. कढवायच्या आधीच्या घरच्या लोण्याचा पातळ हात लावलेला पाव, बिनमिठाचा. एकदा तोंडाला चव आली म्हटल्यावर मंदाची भाजीही जायला लागली, मग भाकरी. एक गंमत मात्र होती. माझ्या पावाला गारठा हवा होता आणि संजयच्या द्राक्षांना नको होता. रोज सकाळी अक्का माझं पातेलं बघून खूश व्हायची आणि लगेच फोन लावायची. "संजू, मणी बरं हाय का? इकडं लय गार हाय." देवाकडे ती नेमकं काय मागत होती कोण जाणे. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मी म्हणते, नाशिक रोडला पडू दे, सायखेड्याला नको." देवाने साधारण ऐकलं असावं. पावही झाला आणि बागही वाचली.

बांगड्या मनगटावर परत आल्या. डॉक्टर खूश. माघ सरता सरता गॅलरीतलं ऊन पाठीला चटका देऊ लागलं आणि अक्का म्हणाली, "द्राक्षं खुडायला आली. मी जाते आता."

मी हे सगळं कशासाठी केलं होतं? तिने राहावं म्हणून. आणि तिच्यात जाण्याएवढा जीव आला तो माझ्याच पावाने. मी भांडलो. चांगला आवाज चढवून भांडलो. तिकडे पथ्य कोण सांभाळेल, उन्हाळ्यात पीठ पुन्हा पळेल, तुझ्या सुनेला बागेतून वेळ आहे का? अक्का ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "बाळू, आजारी माणसानं पावण्यांकडं राहावं. बऱ्या माणसानं आपल्या घरी." मला पाहुणा म्हटल्याचं मात्र लागलं.

संजय गाडी घेऊन आला. पिशवी भरून झाली. अक्काने मंदाला सांगितलं, "माझी डबी काढून दे." मंदाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. काय करणार? मंदा स्टुलावर चढली आणि फळीवरून डबी काढून अक्काच्या हातात दिली. अक्का ती घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"हात पुढं कर."

मला वाटलं पैसे देते की काय. मी हात पुढे केला. तिने डबी उघडली आणि आतलं सगळं मीठ माझ्या तळहातावर ओतलं. जाडे, करडे खडे. मी हात मागे घ्यायला गेलो, तर तिने माझं मनगट धरून ठेवलं. साठ वर्षांचा कायदा तिने स्वतः मोडला होता.

"अक्का, अगं हातावर?"

"माझ्यापाशी राहिलं तर मी खाईन," ती म्हणाली. "माझा मलाच भरवसा नाय. तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे." मग माझी बोटं एकेक करून मिठावर मिटवली आणि म्हणाली, "आन हातावर दिलंय म्हंजी भांडण लागलं आपलं. आता भांडायला येत जा."

ती गाडीत बसली. मी मूठ मिटूनच उभा राहिलो. हात हलवून निरोपही देता आला नाही.

तेव्हापासून मी भांडायला जातो. रविवारी सकाळी अळणी पाव फडक्यात गुंडाळून सायखेड्याला नेतो. उन्हाळ्यात फ्रिजमधली थंडी, थंडीत गॅलरीतली. गॅलरीतल्या पावाला चव जास्त, हे आम्हा दोघांचं एकमत आहे. बाकी एकमत कशावर नाही. ती पाव फोडते, चहात बुडवते आणि म्हणते, "मीठ कमी हाय." मी म्हणतो, "मीठ नाहीच आहे." ती म्हणते, "मंग तेच म्हणते ना मी." सून आत तोंडावर पदर घेऊन हसत असते. या वर्षी अक्का ओसरीपर्यंत येते, अंगणात उतरत नाही. गेल्या रविवारी एकच पाव खाल्ला, दुसरा उशाशी ठेवला. मला दिसतं ते. एक दिवस मी पाव घेऊन जाईन आणि भांडायला कोणी नसेल, हे मला कळतं, आणि ते मला मुळीच मान्य नाही.

उद्या रविवार. गॅलरीत दोन डबे ठेवले आहेत, लाल झाकणाचा आणि बत्त्याचा. आमच्या पावात मी दुकानातलं बारीक मीठ घालतो. देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर एक काचेची बाटली आहे. तिच्यात अक्काचे खडे आहेत, त्या दिवशी मुठीत होते तेवढे सगळे. पावसाळ्यात त्यांना पाणी सुटलं, तेव्हा मंदा म्हणाली, एखाद्या भाजीत घालून टाकू. मी तिला हात लावू दिला नाही. थंडी आली आणि खडे पुन्हा कोरडे झाले. ते मीठ संपलं की भांडणही मिटेल, अशी मला उगाच धास्ती वाटते.